बाईच्या नावाचे डोंगर



रोवणी आटोपली. पायाच्या चिखल्या अजून बऱ्या व्हायच्या आहेत आणि निंदणाला थोडा अवकाश आहे. अशा वेळी दोन घटका बसून ऐकण्यासारखा विषय आज घेतला आहे. विषय आहे उंच डोंगरांचा, आणि त्या डोंगरांवर चढलेल्या बायांचा.

डोंगर चढणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाठीवर पिशवी आणि पायात जाड बूट घातलेली शहरातली मुलं येतात. इतिहास म्हटलं की गड जिंकणारे राजे आणि सरदार येतात. दोन्ही चित्रांत आपण कुठे दिसत नाही. पण डोंगरांची नावं एकदा मोजून पाहा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई. वणीच्या गडावर कोण? सप्तशृंगी. आपल्या शेजारी डोंगरगडच्या डोंगरावर कोण? बमलेश्वरी. जगातल्या सर्वांत उंच शिखराला तिथले लोक काय म्हणतात? आई. नाव बाईचं आहे, तर मग चढण्याच्या इतिहासात बाई कुठे आहे, एवढाच प्रश्न आज आपण विचारणार आहोत.

आपल्या पहाड्यांपासून सुरुवात

आपला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. लोक याला तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणतात, डोंगरांचा म्हणत नाहीत. ते खरंही आहे. आपल्या पहाड्या उंचीने हजार मीटरपर्यंतही जात नाहीत. पण गायखुरीची रांग, नवेगावच्या पहाड्या, दरेकसा आणि चिचगडकडचा डोंगर, प्रतापगड हे सगळं आपलंच आहे, आणि प्रत्येकाला स्वतःची गोष्ट आहे.

नवेगावबांधचं तळं सगळ्यांनी पाहिलं असेल. हे तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. कोहळी समाजाने आपल्या भागात कितीतरी तलाव बांधले, ज्यांना आपण आज मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पुढे लोकांनी कोलू पाटलाला देव मानलं. कोलासूर म्हणून त्याचं ठाणं तळ्याभोवतीच्या एका शिखरावर आहे. आणि त्या तळ्याला वेढून उभ्या असलेल्या शिखरांना नाव आहे सातबहिणी. कथा अशी की या सात बहिणींनी कोलूला तळं बांधायला मदत केली.

आता या कथेकडे जरा निरखून पाहू. तळं बांधायला एक माणूस पुरत नाही. पाळीची माती खणावी लागते, टोपलीत भरावी लागते, डोक्यावरून वाहून न्यावी लागते आणि चोपावी लागते. आज रोजगार हमीच्या कामावर पाहा, टोपलं कोणाच्या डोक्यावर असतं? तीनशे वर्षांपूर्वीही माती वाहणाऱ्यांत बाया नसतील हे मला पटत नाही. कागदावर पाटलाचं नाव राहिलं. बायांचं नाव कागदावर आलं नाही, पण लोकांनी ते डोंगरांना देऊन ठेवलं. माझ्या मते सातबहिणी हे नाव म्हणजे त्या मजुरीची उरलेली खूण आहे. हा माझा तर्क आहे, तुम्हीही आपला करून पाहा.

दुसरी जागा सालेकसा तालुक्यातली, कचारगड. दरेकसा स्टेशनला उतरून धनेगावच्या बाजूने चढत गेलं की डोंगराच्या पोटात ती प्रचंड गुहा लागते. गोंडी धर्मकथेत कलीकंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं. या गोष्टीत लिंगोचं नाव सगळे घेतात. पण त्या मुलांना माया लावून वाढवणारी जंगो रायताड होती. टाकलेल्या, एकट्या पडलेल्या बायांना आधार देणारी म्हणून आजही तिला मान आहे. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. 1980च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकांना पुन्हा या जागेकडे आणलं. आज छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशापर्यंतचे लोक येतात. चढणाऱ्यांत निम्म्याहून कमी बाया कधी मला दिसल्या नाहीत. कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं, पायात साधी चप्पल, आणि त्या वर पोचतात.

तिसरी जागा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड. महाशिवरात्रीला लोक महादेवासाठी पहाडी चढतात, आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. एकाच वाटेने हर हर महादेव म्हणणारे आणि दर्ग्याला चादर नेणारे दोघेही जातात. डोंगराला कोण कोणाचा हे विचारायची गरज पडत नाही.

महादेवाची वाट

आपल्या विदर्भातली जुनी माणसं फक्त जवळच्या पहाडीवर थांबली नाहीत. ती सातपुड्यातही गेली. मध्य प्रदेशात पचमढीजवळ चौरागडाचा डोंगर आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन, पोहा करून, गाणी म्हणत विदर्भातले लोक तिथे जात आले आहेत. शेवटच्या टप्प्यात हजारावर पायऱ्या आहेत. त्याच पचमढीत धूपगड आहे, 1350 मीटर उंच, साऱ्या सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. इकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ वैराट आहे, 1177 मीटर. गाविलगडच्या डोंगरातली सर्वांत उंच जागा ती.

आज शहरांत असा छंद आहे की एखाद्या भागातली सर्वांत उंच शिखरं ठरवायची आणि एकेक करून सगळी चढायची. वहीत टिपायचं, फोटो काढायचा. चांगलाच छंद आहे. पण आपल्या आज्यांनी प्रतापगड, डोंगरगड, कचारगड, चौरागड असे डोंगर आयुष्यात अनेकदा चढले, अनवाणी चढले, उपाशीपोटी चढले. त्याला कोणी छंद म्हटलं नाही, पराक्रम तर नाहीच. त्याला नवस म्हटलं. घरातून निघायला बाईला देवाचं कारण लागत होतं, आणि त्या कारणाने ती निघत होती. यात्रा हा बाईचा प्रवासाचा परवाना होता. आजही पुष्कळ घरांत तो तसाच आहे.

कळसूची अट

आता राज्यातल्या सर्वांत उंच शिखराकडे जाऊ. कळसूबाई, 1646 मीटर. एका बाजूला अकोले तालुका, दुसऱ्या बाजूला इगतपुरी. पायथ्याला बारी नावाचं गाव. त्याखालोखाल नाशिक जिल्ह्यातला साल्हेर, 1567 मीटर.

कळसूची गोष्ट अशी सांगतात. कळसू ही कोळी समाजाची मुलगी. रानात भटकायची तिला फार आवड. एका गावात ती एका घरी कामाला राहिली, पण राहताना तिने अट घातली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिने ते काम केलं, आणि लगेच डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. मरेपर्यंत वरच राहिली. तिने जिथे भांडी घासली आणि जिथे केर टाकला त्या जागांनाही लोकांनी नावं दिली आहेत. शिखरावर तिचं लहानसं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे जत्रा भरते.

मी ही गोष्ट बचत गटाच्या बैठकींत सांगते तेव्हा पहिल्यांदा बाया हसतात. मग कोणीतरी म्हणते, अट घालायची हिंमत पाहिजे. हाच मुद्दा आहे. कळसू राणी नव्हती. तिच्या नावावर जमीन नव्हती. ती दुसऱ्याच्या घरी राबणारी पोर होती. तिने कामाला नकार दिला नव्हता, कामाची बोली केली होती. बोली मोडली गेली तेव्हा ती निघून गेली. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण अशा मुलीच्या नावावर आहे, हे शाळेच्या पुस्तकात उंचीच्या आकड्याबरोबर सांगितलं गेलं पाहिजे.

हिंगणघाटची कबर

डोंगरांची उंची कोणी मोजली? हाही इतिहास आपल्या विदर्भातून जातो.

1802 मध्ये कंपनी सरकारच्या काळात विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासजवळून साऱ्या देशाची मोजणी सुरू केली. पद्धत समजायला सोपी आहे. समजा बांदीची एक धुरा तुम्ही साखळीने नीट मोजली. धुऱ्याच्या दोन्ही टोकांवर उभं राहून दूरच्या एका झाडाकडे पाहिलं आणि दोन्हीकडचे कोन मोजले, तर झाडापर्यंत न जाताही अंतर काढता येतं. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माणसं दक्षिणेकडून उत्तरेकडे निघाली. कोन मोजायचं त्यांचं यंत्र जवळपास 500 किलो वजनाचं होतं. आणि एका जागेवरून दुसरी जागा दिसायला हवी, म्हणून उंच जागा शोधाव्या लागत. म्हणजे देशाची मोजणी ही एका अर्थाने टेकड्या आणि डोंगर चढत जाण्याची मोठी मोहीम होती. झाडं तोडायला, सामान वाहायला, निशाण धरून उभं राहायला गावोगावची माणसं लागत. त्यांची नावं नकाशावर नाहीत.

वीस वर्षं हे काम करून लॅम्ब्टन सत्तरीच्या घरात असताना नागपूरकडे निघाला होता. वाटेत 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर आजही हिंगणघाटला आहे. वर्ध्याकडे कोणाचं माहेर असेल तर एकदा पाहून या.

त्याच्या जागी जॉर्ज एव्हरेस्ट आला. त्याने मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि 1843 मध्ये निवृत्त झाला. पुढे मोजणीच्या लोकांनी हिमालयातली शिखरं शंभर मैलांहून अधिक दूर, सपाटीवरून पाहून मोजली. 1852 मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने हिशेब मांडून दाखवलं की पंधरा क्रमांकाचं शिखर जगात सर्वांत उंच आहे. तेव्हा त्याची उंची 29,002 फूट सांगितली गेली. आज ती 8848.86 मीटर धरतात. कळसूबाईवर कळसूबाई अशा पाच ठेवल्या तरी एव्हरेस्ट सहाशे मीटर वर उरतं.

आता नावाची गंमत ऐका. तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत आले आहेत. आई, देवी असा त्याचा अर्थ. इंग्रजांनी 1865 मध्ये त्याला एव्हरेस्ट हे नाव पक्कं केलं. खुद्द जॉर्ज एव्हरेस्टने याला हरकत घेतली होती. इथल्या लोकांना हे नाव म्हणता यायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं. तरी नाव तेच चिकटलं. हजारो लोक जिला आई म्हणत होते तिला एका साहेबाचं नाव लागलं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतात. डोंगराचंही बदललं.

वर्गणी काढून चढलेल्या बाया

29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी या शिखरावर पोचले. बाई पोचायला आणखी बावीस वर्षं लागली. ती बाई जपानची, नाव जुन्को ताबेई.

तिची गोष्ट बचत गटाच्या बायांनी नीट ऐकण्यासारखी आहे. तिच्या काळात डोंगर चढणारे काही पुरुष बायांसोबत दोर बांधायला तयार नसत. म्हणून 1969 मध्ये तिने फक्त बायांचा गिर्यारोहण गट सुरू केला. एव्हरेस्टला जायचं ठरलं तेव्हा पैसे देणारं कोणी लवकर मिळेना. तुम्ही घरी बसून मुलं सांभाळा असं तोंडावर ऐकवलं गेलं. शेवटी एक वर्तमानपत्र आणि एक दूरदर्शन कंपनी पुढे आली, तरी प्रत्येकीला स्वतःचे पुष्कळ पैसे घालावे लागले. जुन्को पियानो वाजवायला शिकवून पैसे जमवत होती. गाड्यांच्या सीटची जुनी कव्हरं कापून त्यांनी हातमोजे आणि पिशव्या शिवल्या. झोपायच्या गोधड्याही पिसं भरून स्वतः तयार केल्या. आपण जुन्या साड्यांची वाकळ शिवतो, तसंच की नाही?

तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. 4 मे 1975 ला रात्री हिमकडा कोसळून त्यांचा तंबू गाडला गेला. जुन्को बेशुद्ध झाली, शेर्पांनी तिला ओढून बाहेर काढलं. बारा दिवसांनी, 16 मे 1975 रोजी, ती शिखरावर उभी होती. पुढे 1992 मध्ये जगातल्या सातही खंडांची सर्वोच्च शिखरं चढणारी पहिली बाई तीच ठरली. त्यानंतरही ती थांबली नाही. प्रत्येक देशाचा सर्वांत उंच डोंगर चढायचा असं तिने मनाशी धरलं होतं. 2016 मध्ये ती गेली.

1978 मध्ये अमेरिकेतल्या बायांनी अन्नपूर्णा शिखराची मोहीम काढली. 8091 मीटरचं हे शिखर, नाव पुन्हा बाईचंच, अन्न देणाऱ्या देवीचं. त्यांनीही बनियन छापून आणि विकून मोहिमेचे पैसे उभे केले. 15 ऑक्टोबर 1978 ला दोघी शिखरावर पोचल्या. दोन दिवसांनी दुसऱ्या दोघी मैत्रिणी त्याच डोंगरावर गेल्या त्या परत आल्या नाहीत. डोंगराचा हिशेब असा कडकही असतो, ते लपवायचं कारण नाही. याच अन्नपूर्णेवर 16 एप्रिल 2021 रोजी आपल्या साताऱ्याची प्रियंका मोहिते पोचली. तिथे पोचलेली ती पहिली भारतीय बाई.

आपल्या देशात एव्हरेस्टचा पहिला मान बचेंद्री पाल यांचा. उत्तरकाशीकडच्या नाकुरी गावच्या त्या. घरची परिस्थिती बेताची, शिवणकाम करून शिक्षण केलं, बीएड झाल्या. 23 मे 1984 रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या. 25 मे 2014 ला तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा पोचली. वय अजून चौदा पूर्ण व्हायचं होतं. शेतमजुराची आदिवासी मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी.

चंद्रपूर जिल्ह्यातली मनीषा

आणि आता अगदी शेजारचं. 2018 मध्ये आपल्या राज्याच्या आदिवासी विकास विभागाने मिशन शौर्य नावाची मोहीम केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं निवडली. त्यांना दार्जिलिंगला, लडाखला नेऊन शिकवलं. ज्या मुलांनी तोवर बर्फ पाहिला नव्हता त्यांतली पाच जण 16 मे 2018 रोजी एव्हरेस्टवर पोचली. त्या पाचांत एक मुलगी होती, मनीषा धुर्वे.

मला या गोष्टीत दोन बाबी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, या मुलांचे पाय आणि छाती रानात तयार झाल्या होत्या. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाणं, पहाटे मोह वेचणं, डोक्यावर मोळी घेऊन उतरणं, हे सगळं शरीराचं शिक्षणच आहे. दुसरी बाब, एवढं असूनही ती पोचली ती कोणीतरी निवड केली, खर्च केला, शिकवलं म्हणून. ताकद आपल्या गावांत पूर्वीपासून आहे. संधी येते तेव्हा ती घरातल्या कोणाला मिळते, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न दूरचा नाही. आमच्या भागातल्या एका घरात भाऊ आणि बहीण दोघं एकाच शाळेत. शाळेची गडावर सहल निघाली. भावाचे पैसे भरले, बहिणीचे नाही. कारण विचारलं तर आई म्हणाली, पोरगी पडली-बिडली, हातपाय मोडला तर पुढे लग्नाचं काय? हीच पोरगी दर उन्हाळ्यात आईसोबत पहाटे चार वाजता पहाडीवर तेंदू तोडायला जाते. तेव्हा पडण्याची भीती कोणाला वाटत नाही. कामासाठी चढली तर चालते, स्वतःसाठी चढली तर चालत नाही. नंतर गटाच्या बैठकीत बोलणं झालं. आईनेच पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी दर महिन्याला वीस रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली. गेल्या हिवाळ्यात मुलगी गड पाहून आली.

यात पोटापाण्याचाही भाग आहे. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना 3 किलोमीटर धावण्याची चाचणी असते, आणि निवड झाल्यावर चार तासांत 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. जिने लहानपणापासून पहाडी तुडवली तिला हे अवघड नाही, पण तिला ते ठाऊक पाहिजे आणि घरून फॉर्म भरू दिला पाहिजे. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा जाहिरात नीट वाचून घ्या.

आपण काय करायचं

इतिहास ऐकून सोडून द्यायचा नसतो. तीन गोष्टी सुचवते. जमेल ती धरा.

पहिली, नावं लिहून ठेवा. सरकारी नकाशात पहाडीचं एक नाव असतं, कधी तेही नसतं. पण गावातल्या आजीला विचारा. ती सांगेल, ही अस्वलीची खोरी, हा बायकांचा झिरा, इथे मोहाची सात झाडं, तिथे आग्या मोहोळ बसतं, दगडाआड पाणी मेपर्यंत टिकतं. एका गावात तीन आज्या आणि आठवीतली एक मुलगी दोन दुपारी बसल्या, आणि गावामागच्या एकाच पहाडीची एकवीस नावं वहीत उतरली. पटवाऱ्याच्या कागदावर त्यातलं एकही नव्हतं. ही वही घरात ठेवू नका. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता समिती असते आणि लोकांची नोंदवही ठेवायची असते. ती काढायला सांगा आणि ही नावं त्यात घाला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला गौण वनउपजावर हक्क दिला आहे. सामूहिक हक्काचा दावा करताना आपण ही जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरतो हे दाखवावं लागतं. आजीने सांगितलेली नावं आणि वाटा तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. म्हणजे हे नुसतं आठवणींचं काम नाही.

दुसरी, वर्षातून एकदा गटाने पहाडी चढा. मोळी न घेता, नवस न घेता, फक्त चढायला. लांब जायची गरज नाही, प्रतापगड आहे, कचारगड आहे. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. जाण्याआधी वनविभागाला आणि गावात सांगून जा. हिवाळ्यात जा, पहाटे निघा, ऊन चढायच्या आत उतरा. माणशी दोन लिटर पाणी, भाकर-चटणी किंवा मुरमुरे, थोडा गूळ. अंगावर भडक अत्तर किंवा तेलाचा वास नको, मोहोळ उठतं. मोहोळाच्या झाडाखाली धूर करू नका. अस्वलाचा भाग असेल तर बोलत, आवाज करत चाला. साडी नेसणाऱ्यांनी काष्टा घालावा, पायात बंद चप्पल किंवा बूट असावा. सर्वांत हळू चालणारी पुढे ठेवा, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. ज्यांना दम लागतो, रक्तदाब आहे, दिवस गेले आहेत, त्यांनी आधी आशाताईला विचारावं.

तिसरी, खर्च गटाच्या हिशेबात धरा. महिन्याला वीस रुपये टाकले तर वर्षाचे दोनशे चाळीस होतात. दहा जणींचे चोवीसशे. एका गाडीभाड्याला एवढे पुष्कळ होतात. शेळीला, बी-बियाण्याला, दवाखान्याला आपण कर्ज देतो आणि ते बरोबरच आहे. मुलीच्या सहलीलाही त्या वहीत एक ओळ असू द्या. जुन्को ताबेईच्या गटाने हातमोजे शिवून जे केलं, तेच आपण लहान प्रमाणात करायचं.

शेवटी एवढंच सांगते. सातबहिणी, कळसू, जंगो, अन्नपूर्णा, चोमोलुंग्मा. उंच जागांना बायांची नावं देण्यात आपले लोक कधी मागे राहिले नाहीत. नाव देऊन हात जोडले की काम संपलं असं मात्र पुष्कळांना वाटलं. आता बाया स्वतः वर जाऊन पाहू लागल्या आहेत, काही बर्फावर, काही आपल्या गावामागच्या पहाडीवर. तुमच्या गटाने कोणती पहाडी चढली, आजीने कोणती नावं सांगितली, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ती नावं मोठ्याने वाचून दाखवू.

पाऊस सांभाळा, शेतात उघड्या तारेला हात लावू नका. जय सेवा, जय भीम, नमस्कार.